रांगेत उभं असताना दाटून येतं तेव्हा

वडील गेले त्या दिवशी मुलगा रडला नाही. पाहुण्यांना फोन करायचे होते, मुंबईची बहीण येईपर्यंत थांबायचं का ते ठरवायचं होतं, आईला धरून बसायला कुणीतरी हवं होतं. सावडणं झालं, दहावा झाला, तेराव्याला पंगती उठल्या. ‘पोरगं खंबीर आहे,’ असं भावकी म्हणाली. मग सात-आठ महिन्यांनी तो बारामतीला कामाला गेला. आईच्या गोळ्या घ्यायला मेडिकलमध्ये शिरला आणि दुकानदारानं सवयीनं वडिलांच्या बीपीच्या गोळ्यांची पट्टीही काउंटरवर ठेवली. तिथं त्याला उभं राहवेना. घसा दाटला, पाय लटपटले, चार माणसांसमोर हुंदका फुटला.

हा प्रसंग कुणा एकाचा नाही. बारामती तालुक्याच्या जिरायती पट्ट्यातल्या लोणी भापकर, मुर्टी, मोढवे यांसारख्या गावांतून तालुक्याला येणाऱ्या माणसाची एका दिवसाची कामं डोळ्यांसमोर आणा. तहसील कचेरी, बँक, कृषी सेवा केंद्र, मोटारीचं वायंडिंग, दवाखाना, जाता जाता किराणा. यातलं बहुतेक प्रत्येक काम त्यानं पहिल्यांदा आई-वडिलांचं बोट धरून पाहिलेलं असतं. कुठल्या दुकानात उधारी चालते, कुठल्या साहेबाशी कसं बोलायचं, बियाणं कुठलं घ्यायचं, हे त्यानं त्यांच्याकडूनच उचललेलं असतं. ती माणसं गेल्यावरही कामं तीच राहतात, रस्ते तेच राहतात. त्यामुळं दुःख अचानक उसळतं ते अशाच ठिकाणी.

ज्याला हे होतं तो घाबरतो. इतक्या दिवसांनी का? भर बाजारात का? आपण मनानं कच्चे आहोत का? या प्रश्नांची बरीचशी उत्तरं आज मानसशास्त्राकडं आणि मेंदूविज्ञानाकडं आहेत. आपल्या जुन्या चालीरीतींतही काही आहेत. ती माहीत असली तर भीतीचा भार उतरतो आणि फक्त दुःख उरतं. ते सोसता येतं.

लाटांनी येणारं दुःख

चार्ल्स डार्विननं १८७२ साली माणसांच्या आणि प्राण्यांच्या भावनांच्या खुणांवर एक ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात त्यानं रेल्वेच्या डब्यात पाहिलेली एक गोष्ट नोंदवली आहे. समोर एक वयस्कर बाई शांतपणे बसली होती. तिच्या ओठांचे कोपरे किंचित खाली ओढले गेले. चेहरा स्थिरच होता, त्यामुळं त्या हालचालीला काही अर्थ नसावा असं डार्विनला वाटलं. एवढ्यात तिचे डोळे पाण्यानं भरले आणि सगळा चेहरा उतरला. कुणी काही बोललं नव्हतं, डब्यात काही घडलं नव्हतं. एखादी दुःखाची आठवण, कदाचित फार पूर्वी गमावलेल्या लेकराची, तिच्या मनात येऊन गेली असणार, एवढंच डार्विननं लिहिलं.

या निरीक्षणाला वैद्यकीय आधार मिळाला तो सत्तर वर्षांनी, एका मोठ्या दुर्घटनेनंतर. २८ नोव्हेंबर १९४२ च्या रात्री अमेरिकेतल्या बोस्टन शहरात ‘कोकोनट ग्रोव्ह’ या नाइटक्लबला आग लागली आणि ४९२ माणसं गेली. वाचलेल्यांना आणि मृतांच्या नातेवाइकांना भेटून मानसोपचारतज्ज्ञ एरिक लिंडेमान यांनी १९४४ मध्ये एक शोधनिबंध लिहिला. शोकाची लक्षणं नीट मांडणारा तो पहिला महत्त्वाचा अभ्यास मानला जातो. लिंडेमान यांना दिसलं की शोक अंगात एकसारखा वाहत नाही, तो लाटांनी येतो. एक लाट साधारण २० मिनिटांपासून तासाभरापर्यंत टिकते. घसा आवळतो, श्वास अपुरा पडतो, सुस्कारे येतात, पोटात खड्डा पडल्यासारखं वाटतं, हातापायांतलं बळ जातं. मेडिकलच्या काउंटरवर त्या मुलाला जे झालं, ते जवळजवळ हेच आहे.

पुढं ब्रिटनमध्ये कॉलिन मरे पार्क्स यांनी विधवा स्त्रियांशी वर्षभर बोलून असंच नोंदवलं. सुरुवातीला या लाटा वारंवार आणि आपोआप येतात. दिवस जातात तसं त्यांच्यातलं अंतर वाढतं आणि मग त्या काहीतरी समोर आल्यावर येतात: एखादा फोटो, एखादं गाणं, एखादी वाट. थेरेसा रँडो या अमेरिकी मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९९३ मध्ये स्पष्ट मांडलं, की कित्येक वर्षांनंतर तात्पुरता उसळणारा शोक हा निरोगी शोकाचाच भाग आहे. सगळं मागं पडलं होतं आणि आता पुन्हा पहिल्यापासून सुरू झालं, असा त्याचा अर्थ लावायचं कारण नाही.

शोकाचे पाच टप्पे असतात हे आपण अनेकदा ऐकतो. नकार, राग, सौदेबाजी, नैराश्य, स्वीकार. हे टप्पे एलिझाबेथ क्युब्लर-रॉस यांनी १९६९ च्या पुस्तकात मांडले. पण ते मुळात स्वतः मरणाच्या दारात असलेल्या रुग्णांच्या मुलाखतींवरून मांडले होते. मागं राहिलेल्या माणसांवर ते नंतर लादले गेले. त्यामुळं ‘मी तर स्वीकाराच्या टप्प्यावर पोचलो होतो, मग आज का रडलो?’ असं कुणी स्वतःला विचारत असेल, तर त्याची वाट चुकलेली नाही. त्याला दाखवलेला रस्ताच त्याच्यासाठी आखलेला नव्हता.

मेंदूत बसलेलं गाव

लोणी भापकरला बाहेरचा माणूस येतो तो मल्लिकार्जुनाचं जुनं मंदिर, तिथली पुष्करणी आणि यज्ञवराहाचं शिल्प पाहायला. मोरगावच्या मयूरेश्वराचं दर्शन घेऊन वाट वाकडी करणारेही असतात. त्यांच्या मनातला गावाचा नकाशा या खुणांनी बनतो. गावात वाढलेल्या माणसाचा नकाशा वेगळा असतो. कुठल्या पारावर दादा संध्याकाळी बसायचे, सोसायटीच्या कुठल्या बाकावर त्यांची पिशवी असायची, कुठल्या विहिरीवर आई धुणं घेऊन जायची, एस.टी.तून उतरल्यावर चपला कुठं झटकायची, या त्याच्या खुणा.

हा नकाशा मेंदूत खरोखर असतो. जॉन ओ’कीफ यांनी १९७१ मध्ये उंदरांच्या मेंदूतल्या हिप्पोकॅम्पस या भागात अशा पेशी शोधल्या, की उंदीर एका ठराविक जागी आला की त्यातली ठराविक पेशी जागी होते. मे-ब्रिट मोझर आणि एडवर्ड मोझर यांनी नॉर्वेतल्या ट्राँडहाइम इथं या नकाशाचा आणखी एक भाग उलगडला. २०१४ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल या तिघांना मिळालं ते याच कामासाठी.

मोझर यांच्या प्रयोगशाळेतून २०१३ मध्ये आलेला एक निष्कर्ष शोकाच्या दृष्टीनं फार बोलका आहे. उंदराच्या पेटीत एक वस्तू ठेवली. मग ती काढून घेतली. उंदीर जेव्हा त्या रिकाम्या जागी येई, तेव्हा मेंदूतल्या काही पेशी जाग्या होत. वस्तू होती तेव्हा या पेशी तशा वागत नव्हत्या. ‘इथं काहीतरी होतं’ ही खूण त्या पेशी वस्तू गेल्यावर धरत होत्या, आणि ही खूण अनेक दिवस टिकली.

ॲरिझोना विद्यापीठातल्या मेरी-फ्रान्सिस ओ’कॉनर या अनेक वर्षं शोक आणि मेंदू यांवर संशोधन करत आहेत. २०२२ च्या आपल्या पुस्तकात त्यांनी शोक समजावताना या प्रयोगाचा आधार घेतला. त्यांचं म्हणणं असं: मेंदू सतत अंदाज बांधत असतो. जवळची माणसं कुठं असतील, कधी भेटतील, आपल्याला किती जवळची आहेत, याचा हिशेब तो हजारो दिवसांच्या अनुभवावरून मांडतो. तीस-चाळीस वर्षं दादा त्या पारावर दिसले. ते आज नाहीत, ही माहिती मनाला एका दिवसात कळते. पण तो सगळा हिशेब एका दिवसात बदलत नाही. जागा बघून, वेळ बघून, प्रत्येक ठिकाणी तो वेगळा दुरुस्त व्हावा लागतो. म्हणून शोक हे मेंदूचं एक प्रकारचं शिकणं आहे, असं ओ’कॉनर म्हणतात. शिकायला वेळ लागतो आणि सरावही लागतो.

स्मशानात, दहाव्याच्या घाटावर वडील नसणार हे आपल्याला आधीच ठाऊक असतं. तिथं मन तयारीनं जातं. खताच्या दुकानात आपण अशा तयारीनं जात नाही. तिथं मेंदूचा जुना अंदाज अजून जसाच्या तसा असतो, आणि दुकानदार ‘यंदा आण्णा नाही आले?’ म्हणतो तेव्हा तो अंदाज पहिल्यांदा मोडतो. त्या ठिकाणापुरतं वडील त्या दिवशी गेलेले असतात.

हे समजलं की एक गोष्ट लक्षात येते. ज्यांच्या आई-वडिलांचं जगणं शेतीत आणि गावात मुरलेलं होतं, त्यांच्या मुलांना अशी ठिकाणं जास्त भेटतात. वेगळ्या शहरात राहणारा मुलगा सुट्टीला घरी येतो, तेव्हा त्याला घरातली रिकामी खुर्ची भिडते. गावातल्या मुलाला रोजच्या दुधाच्या डेअरीपासून वर्षाच्या पेरणीपर्यंत प्रत्येक कामात ती पोकळी भेटते. पहिली पेरणी, पहिली सुगी, कारखान्याची पहिली उचल, पहिली दिवाळी. हिशेब दुरुस्त व्हायला एक पूर्ण वर्ष तर नक्कीच लागतं, कारण काही जागा वर्षातून एकदाच येतात.

हात रिकामे नसतात, मन मोकळं असतं

आठवणी आपण मुद्दाम काढतो, आणि काही आपोआप येतात. डेन्मार्कमधल्या ऑरहूस विद्यापीठातल्या डॉर्टे बर्न्टसेन यांनी या आपोआप येणाऱ्या आठवणींचा बरीच वर्षं अभ्यास केला. लोकांना दिवसभर वही बरोबर ठेवायला सांगून, अशी आठवण आली की लगेच नोंद करायला लावली. त्यातून दिसलं की अशा आठवणी बहुतेक वेळा मन कशातच एकाग्र नसताना येतात: चालताना, वाट पाहताना, प्रवासात, रोजच्या हातच्या कामात. समोरची एखादी वस्तू, आवाज किंवा वास त्यांना ओढून आणतो. आणि मुद्दाम काढलेल्या आठवणींपेक्षा त्या अंगावर जास्त परिणाम करतात.

रांगेत उभं राहणं, एस.टी.ची वाट बघणं, गिरणीवर दळण होईपर्यंत बसणं ही सगळी या वर्णनात बसतात. ऑफिसात हिशेब जुळवताना किंवा पाण्याच्या पाळीला धावपळ करताना मनाला फट सापडत नाही. कामाच्या दिवसातल्या मधल्या वेळात ती सापडते.

वासाची वाट तर आणखी सरळ आहे. डोळ्यांनी, कानांनी आलेली माहिती मेंदूतल्या थॅलॅमस या ठाण्यातून पुढं जाते. वासाची माहिती या ठाण्याला वळसा घालून भावनांशी आणि आठवणींशी जोडलेल्या भागांकडं पोचते. तंबाखू-चुन्याचा वास, बामची बाटली, गोठ्यातला कोंडा, धुतलेल्या नऊवारीला येणारा साबणाचा वास, पहिल्या पावसात जिरायती मातीतून उठणारी वाफ. हा वास कुणाचा हे नाव सुचायच्या आधीच डोळे भरलेले असतात.

हाताच्या सवयीही तशाच. तिकीट मागताना कंडक्टरला तोंडातून ‘दोन’ निघून जातं. पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना ऑगस्ट २०२२ पासून एस.टी.चा प्रवास मोफत झाला. तेव्हापासून आईचं ओळखपत्र आपल्या पाकिटात ठेवायची सवय लागलेली असते. ती गेल्यानंतरही बोटं त्या कप्प्यापाशी थांबतात. फोनमधला नंबर काढून टाकायला हात धजत नाही. यात वेड लागण्यासारखं काही नाही. ही वर्षानुवर्षं केलेल्या प्रेमाची आणि सेवेची अंगात मुरलेली सवय आहे.

कागदावरचं जाणं

काही कामांत आठवण वाटेत भेटते. काही कामं मात्र थेट मरणाचीच असतात, आणि त्यांच्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही. आपल्या समाजानं पहिल्या तेरा दिवसांची नीट व्यवस्था लावली आहे. कुणी काय आणायचं, कुणी कुठं बसायचं, सांत्वनाला आलेल्यानं काय बोलायचं, हे ठरलेलं आहे. चौदाव्या दिवशी माणसं आपापल्या घरी जातात आणि कागद सुरू होतात.

जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम, १९६९ नुसार मृत्यूची माहिती २१ दिवसांच्या आत द्यायची असते. गावात ती नोंद ग्रामपंचायतीत होते. तो दाखला हातात आला की त्याच्या झेरॉक्स घेऊन पुढचा प्रवास. रेशनकार्डातून नाव कमी करणं, बँकेतलं खातं बंद करणं, वीजबिलाचं नाव, गॅसचं नाव, विकास सोसायटीचं कर्ज, साखर कारखान्याचा शेअर. जमिनीसाठी महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ नुसार तीन महिन्यांत तलाठ्याला कळवायचं असतं. वारसांची नोंद गाव नमुना ६-क मध्ये होते, मग फेरफार पडतो, हरकतीसाठी १५ दिवसांची नोटीस लागते, मंडल अधिकारी तो मंजूर करतात, आणि सातबारावर वारसांची नावं चढतात.

कायद्याच्या भाषेत हे साधं कामकाज आहे. पण मुलासाठी, ज्या उताऱ्यावर आयुष्यभर वडिलांचं नाव वाचलं, त्यावरून ते जाताना पाहायचं असतं. जुन्या हस्तलिखित उताऱ्यांवर अशा नावाला कंस करत. अर्जात नावाआधी ‘मयत’ लिहावं लागतं, तेही स्वतःच्या अक्षरात. तिथं पेन थांबतं. वारस नोंद अनेक घरांत वर्षानुवर्षं रेंगाळते, त्यामागं वाटणीचे वाद, खर्च, हेलपाटे ही कारणं असतातच. पण काही घरांत ते नाव तिथून हलवायला मन तयार नसणं हेही एक कारण असतं.

शासनानं २०२५ मध्ये ‘जिवंत सातबारा’ मोहीम हाती घेतली. बुलडाणा जिल्ह्यात सुरू झालेली ही मोहीम १ एप्रिलपासून राज्यभर नेली, आणि मृत खातेदारांच्या जागी वारसांची नावं लावायचं काम गावोगाव झालं. शेतकऱ्याच्या दृष्टीनं ते फार गरजेचं होतं. वारसाचं नाव नसेल तर पीककर्ज, अनुदान, नुकसानभरपाई सगळं अडतं. पण अशा मोहिमेत दहा-वीस वर्षांपूर्वी गेलेल्या आई-वडिलांचे दाखले ट्रंकेतून बाहेर निघतात, आणि त्या दाखल्याबरोबर बरंच काही बाहेर निघतं. इतक्या वर्षांनी चावडीत एखाद्या साठीच्या माणसाचा आवाज कापरा झाला, तर त्यात नवल वाटू नये.

मुलींच्या वाट्याला या कागदांत आणखी एक दिवस येतो. वडिलोपार्जित मिळकतीत महाराष्ट्रानं १९९४ मध्ये आणि केंद्रानं २००५ मध्ये मुलीला मुलाच्या बरोबरीचा जन्मसिद्ध हक्क दिला. त्यामुळं वडिलांनंतर तिचं नाव सातबारावर लागतं. पुष्कळ घरांत मग तिला दुय्यम निबंधक कार्यालयात बोलावून हक्कसोडपत्रावर सही घेतात. सही द्यायची की नाही हा तिचा निर्णय. पण वडील जाऊन दोन महिने झालेले नसताना, अंगठा आणि फोटो द्यायच्या रांगेत उभं राहून तो घ्यायला लावणं हा अन्याय आहे. त्या क्षणी तिला जे दाटून येतं त्यात बाप असतो आणि माहेरही असतं. निदान वर्षश्राद्धापर्यंत थांबलं तर तिचं डोकं शांत असेल आणि भावंडांतलं नातंही शाबूत राहील.

‘सोनं झालं’ म्हणतात तेव्हा

म्हातारे आई-वडील गेले की सांत्वनाला आलेली माणसं म्हणतात, ‘वय झालं होतं’, ‘हाल झाले नाहीत’, ‘सोनं झालं’. ती मनापासून म्हणतात. पण ऐकणाऱ्याच्या मनात एक गोष्ट बसते, की याचं फार दुःख करायचं नसतं. समाजानं ज्या दुःखाला पुरेशी जागा दिली नाही, त्याचा अभ्यास केनेथ डोका यांनी १९८९ पासून मांडला. असं दुःख नाहीसं होत नाही, ते आडजागी वाट काढतं.

सिग्मंड फ्रॉइडचे वडील १८९६ मध्ये, ऐंशी ओलांडल्यावर गेले. फ्रॉइड तेव्हा चाळीस वर्षांचा, संसारी, स्वतः डॉक्टर होता. बारा वर्षांनी, स्वप्नांवरच्या आपल्या ग्रंथाच्या दुसऱ्या आवृत्तीच्या प्रस्तावनेत त्यानं लिहिलं की बापाचा मृत्यू ही माणसाच्या आयुष्यातली सर्वांत मोठी घटना, सर्वांत खोल हानी असते. आई-वडील ऐंशीचे झाले म्हणून आपण त्यांचं लेकरू असणं संपत नाही. उलट इतकी वर्षं ती सोबत मिळालेली असते, म्हणून पोकळीही तेवढी मोठी.

कामात दुःखाला वाट

काही लोक म्हणतात, कामात गुंतलं की विसर पडतो. काही म्हणतात, दुःख दाबून कामाला लागू नये, आधी रडून घ्यावं. नेदरलँड्समधल्या उट्रेक्ट विद्यापीठातल्या मार्गारेट स्ट्रोब आणि हेंक शूट यांनी १९९९ मध्ये मांडलं की या दोन्ही गोष्टी लागतात. माणूस दुःखाकडं जातो आणि तिथून कामाकडं परततो. पुन्हा दुःखाकडं, पुन्हा कामाकडं. हे येणं-जाणं हेच सावरणं आहे. फक्त दुःखात बुडणारा थकून जातो. फक्त कामात पळणाराही थकतो. तहसीलच्या पायरीवर पाच मिनिटं रडून मग अर्ज देऊन येणारा माणूस, या दृष्टीनं पाहिलं तर, अगदी बरोबर करतो आहे.

आपल्या आज्यांना हे जात्यावर बसून कळलं होतं. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी पुणे जिल्ह्यातल्या डोंगराळ गावांपासून सुरुवात करून महाराष्ट्रभरातल्या बायकांकडून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्यांत आई-बापाच्या ओव्या फार मोठ्या संख्येनं आहेत. आई गेल्यावर माहेराची वाट कशी परकी झाली, बाप होता तोवर उंबऱ्यावर कसा मान होता, हे त्या बायका पहाटे दळण दळताना गात. दिवसभर रडायला त्यांना सवड नव्हती आणि सासरी मोकळीकही नव्हती. पण दळण रोज होतं. त्या कामातच त्यांनी दुःखाला जागा करून दिली, रोज थोडी, वर्षानुवर्षं. आजच्या विज्ञानाला जे सापडलं, ते त्यांनी कष्टातून साधलं होतं.

जातं गेलं, गिरणी आली, ही कष्ट वाचवणारी चांगली गोष्ट झाली. पण त्या पहाटेच्या वेळेची जागा दुसऱ्या कशानं घेतली नाही. पुरुषांकडं तर ती कधी नव्हतीच. हेल काढून रडायला, गेलेल्याचे गुण आठवत आक्रोश करायला बायकांना तरी रूढीनं वाव दिला होता. पुरुषाला ‘तू असा खचलास तर घरच्यांनी कुणाकडं बघायचं’ एवढंच ऐकवलं गेलं. त्याचं दुःख मग गाडी चालवताना, बांधावर एकटा असताना, नाहीतर काउंटरवर बाहेर पडतं.

नातं तुटत नाही, बदलतं

शोक पूर्ण झाला म्हणजे गेलेल्याशी नातं सुटलं पाहिजे, असा विचार विसाव्या शतकात बराच काळ मानसशास्त्रात होता. १९९६ मध्ये डेनिस क्लास, फिलिस सिल्व्हरमन आणि स्टीव्हन निकमन यांच्या ग्रंथानं तो मागं टाकला. क्लास यांनी जपानमधल्या पूर्वजांच्या पूजेचा अभ्यास केला होता. नातं तुटत नाही, ते नव्या रूपात चालू राहतं, आणि ते तसं राहणं निरोगी असतं, हे त्यांनी दाखवलं.

आपल्याकडं भाद्रपदातल्या पितृपक्षात वडिलांच्या तिथीला त्यांच्या आवडीची भाजी केली जाते, सर्वपित्रीला नावं घेतली जातात. साने गुरुजींची आई १९१७ मध्ये गेली आणि ‘श्यामची आई’ त्यांनी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिली. मधल्या पंधरा-सोळा वर्षांत ते नातं त्यांच्यात जागं राहिलं होतं, आणि महाराष्ट्रातल्या कित्येक पिढ्यांना त्यातून आईकडं बघण्याची दृष्टी मिळाली.

श्राद्धाची तिथी आपल्याला तयार ठेवते. नोव्हेंबरात बँकेत पेन्शनवाल्यांची हयातीच्या दाखल्याची रांग लागलेली पाहून, आपल्या वडिलांना दरवर्षी तिथं घेऊन येणाऱ्या मुलाला काय वाटतं, याची तिथी मात्र कुठल्या पंचांगात नसते. त्यासाठी मनानंच जागा ठेवावी लागते.

मदत कधी घ्यावी

अचानक रडू येणं हा आजार नाही. मात्र काही माणसांत शोक अडकून बसतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून लागू झालेल्या आजारांच्या वर्गीकरणात ‘दीर्घकाळ चालणारा शोक’ हा विकार नोंदवला आहे. निदान सहा महिने उलटले, तरी जवळजवळ रोज तीव्र ओढ, जगण्यात अर्थ नाही असं वाटणं, मृत्यू खरा न वाटणं, आणि त्यामुळं कामधंदा, घर, नाती कोलमडणं, अशी त्याची लक्षणं. अमेरिकेतल्या मानसोपचार संघटनेनं त्याच वर्षी हीच मर्यादा मोठ्या माणसांसाठी बारा महिने ठेवली. २०१७ मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून काढलेला अंदाज असा, की नैसर्गिक मृत्यूनंतर मागं राहिलेल्या साधारण दहा मोठ्या माणसांतल्या एकाला असा त्रास होतो. ओ’कॉनर यांनी २००८ मध्ये आई किंवा बहीण स्तनाच्या कर्करोगानं गमावलेल्या २३ स्त्रियांच्या मेंदूचा अभ्यास केला. ज्यांचा शोक अडकला होता, त्यांच्यात फोटो पाहताना मेंदूतला ओढीशी जोडलेला भाग जागा होत होता. भेट अजून होईल, ही आस त्यांचा मेंदू सोडत नव्हता. अशा शोकावर बोलून करायचे उपचार आहेत आणि ते उपयोगी पडतात.

झोप, जेवण महिनोन्महिने बिघडलेलं असेल, दारू वाढली असेल, जगू नये असं वाटत असेल, तर वाट पाहू नये. ‘टेलि-मानस’ ही केंद्र सरकारची सेवा १४४१६ या क्रमांकावर २४ तास मोफत आहे आणि मराठीत बोलता येतं. बारामतीत २०१९ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, आणि अशा महाविद्यालयांच्या रुग्णालयांत मानसोपचाराचा विभाग असतो. अंगाकडंही दुर्लक्ष नको. अमेरिकेत हृदयविकाराच्या झटक्यातून वाचलेल्या सुमारे दोन हजार रुग्णांवर झालेल्या अभ्यासात, जवळचं माणूस गेल्यावर पहिल्या २४ तासांत झटक्याचा धोका २१ पट वाढलेला दिसला. छातीत कळ आली तर ‘दुःखानं होतंय’ म्हणून घरात बसू नये.

आपल्याला करता येईल असं

लाट आली तर वीस मिनिटांत, फार तर तासाभरात तिचा जोर ओसरतो, हे आधी लक्षात ठेवावं. गाडी चालवत असाल तर कडेला थांबवा. रांगेत असाल तर पुढच्याला सांगून बाजूला या, बसा, पाणी प्या. काम त्या दिवशी झालं नाही तर पुन्हा यायचं. मरणाशी जोडलेल्या कागदांसाठी एकट्यानं जाऊ नका. भाऊ, बहीण, मित्र, शेजारी, कुणीतरी बरोबर असू द्या. दाखल्याच्या प्रती एकदाच जास्त काढून ठेवा, म्हणजे ती ओळ पुन्हा पुन्हा लिहावी-वाचावी लागणार नाही. आणि ज्या दुकानांत, ज्या कचेऱ्यांत वडील ओळखीचे होते, तिथं पहिल्यांदा जाताना मनाशी ठरवून जा की इथं आज जड जाईल.

काउंटरच्या पलीकडं बसलेल्यांनाही हे माहीत असावं. बँकेतला क्लार्क, तलाठी, सेतू केंद्रातला मुलगा, दुकानदार यांच्यासमोर रोज असे कागद येतात, पण समोरच्या माणसाचे आई-वडील एकदाच जातात. समोरचा लिहिता लिहिता थांबला, तर ‘लवकर करा’ म्हणण्याऐवजी एक खुर्ची ओढून द्यावी. आपण त्याच्या वडिलांना ओळखत असू, तर त्यांच्याबद्दलची एखादी गोष्ट सांगावी: ते कधी आले होते, काय बोलले होते, हिशेबाला किती चोख होते. रडू वाढेल या भीतीनं आपण गेलेल्या माणसाचा विषय टाळतो. पण मुलाला भूक असते ती याचीच. आपल्याला माहीत नसलेली वडिलांची एक गोष्ट त्या दिवशी कुणाकडून तरी मिळाली, तर अर्धवट राहिलेला अर्ज घेऊन दुसऱ्या दिवशी त्याच खिडकीत परत यायचं बळ त्याला येतं.